माणशी 20 लिटर

आमच्या मांडवगण फराट्यात कुणाला ‘काय करतोस’ असं विचारत नाहीत, ‘सध्या काय करतोस’ असं विचारतात. माझं उत्तर महिन्यावर असतं. दिवाळीपासून होळीपर्यंत मी ऊस ओढतो, होळीपासून मृगापर्यंत पाणी ओढतो आणि मृगापासून दिवाळीपर्यंत घरच्यांची बोलणी ओढवून घेतो.

ऊस ओढण्यात मान नाही. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर आभाळाला टेकलेला ऊस. मागं अडकलेला मोटारवाला हॉर्न वाजवून दमतो आणि शेवटी पुढं निघताना काच खाली करून माझ्या मातोश्रींची आठवण काढून जातो. कारखान्यावर काट्याला नंबर लावायचा आणि पाचटाच्या शेकोटीवर रात्र काढायची. तिथं मला नावानं कुणी ओळखत नाही, गाडीच्या नंबरानं हाक मारतात. पण होळी झाली, मालकानं टँकरची किल्ली हातात दिली, की माझं नशीब पालटतं. माणूस तोच, शर्टही तोच, पण आता ज्या रस्त्यानं जाईन तिथं बायाबापड्या दारात येऊन उभ्या राहतात. पोरं मागं पळतात. म्हातारी माणसं हात जोडतात. एवढा मान आमच्याकडं पालखीला. पण पालखी वर्षातून एकदा येते, मी दिवसातून चारदा.

आमचं गाव भीमेच्या काठाला, शिरूर तालुक्याच्या पार शेवटी, पलीकडं दौंड. मांडवगण दोन आहेत. एक श्रीगोंदा तालुक्यात आणि एक आमचं. घोटाळा होऊ नये म्हणून आमच्या मांडवगणाला ‘फराटा’ लावतात. आणि गावात फराटे इतके की पारावर जाऊन ‘फराटे आहेत का’ विचारलं तर अख्खा पार उठून उभा राहतो. वाघेश्वराचं देऊळ आहे, चौफेर ऊस आहे, आणि नदीला पाणी आहे. पाण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं.

वर रांजणगाव सांडसला मुळा-मुठा येऊन भीमेला मिळते. म्हणजे पुणेकरांनी आंघोळ करून, भांडी घासून, मोटारी धुऊन जे सोडलं ते सगळं प्रसाद म्हणून आमच्याकडं येतं. उन्हाळ्यात बंधाऱ्यावर जलपर्णी अशी दाटते की हिरवळ समजून म्हैस पाय टाकते. एकीनं टाकला होता. तिला काढायला ट्रॅक्टर लागला. तर या पाण्यावर आमचा ऊस हत्तीसारखा वाढतो, पण माणसानं ते तोंडात धरायची सोय नाही. प्यायला आम्ही आरओच्या प्लँटवर जातो. नाणं टाकायचं, 20 लिटरचा जार भरायचा आणि मोटारसायकलच्या टाकीवर लेकरासारखा पुढ्यात घेऊन घरी यायचं. नदी डाव्या हाताला, जार मांडीत. पाहुण्यांना हे बघून हसू येतं. आम्हाला आता येत नाही.

हा 20 आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तालुका एकच, पण पाऊस दोन प्रकारचा. आमच्या बाजूला धरणाचं पाणी, कालवे, मोटारी. पश्चिमेला पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई, धामारी, मोराची चिंचोली या अंगाला माळ आणि फोंडे दगड. तिकडं कळमोडी धरणाच्या पाण्याची वाट बघत पोरांची लग्नं झाली आणि त्यांची पोरंही आता तीच वाट बघायच्या वयात आलीत. आमच्याकडून न्हावरे, तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर करत पाबळला गेलं की हिरवा रंग हळूहळू संपतो, मग उरलेला पोपटी संपतो, आणि शेवटी बोर्डावरचं तेवढं हिरवं दिसतं: ‘झाडे लावा’. याच अंगाच्या वाड्यांना माझा टँकर जातो.

गंमत म्हणजे आमच्या शेजारच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 पासून 1983 पर्यंत खोदकाम केलं. घोड नदीच्या काठाला तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव सापडलं. घरं, रांजण, मडकी. आणि नदीचं पाणी वळवून शेताला नेणारा पाट. तेवढ्या वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या माणसाला पाणी वळवता येत होतं. टँकर मात्र तिथं एकही सापडला नाही. म्हणजे प्रगती झाली ती त्यानंतरच.

माझा एक भाचा बोस्टनजवळ असतो. ऐन थंडीत त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी काट्यावर शेकोटीशी, तो घरात स्वेटर घालून. म्हणाला, ‘‘मामा, तुमच्यासारखा एक टँकरवाला आमच्याकडं पण येतो.’’

‘‘पाणी नाही का तुमच्यात?’’

‘‘पाणी आहे. तो तेल आणतो. घर गरम करायचं तेल.’’

मग त्यानं सगळं सांगितलं. तिकडं बऱ्याच घरांच्या तळघरात साधारण हजार लिटरची टाकी असते, भट्टीत ते तेल जळतं आणि घर उबदार राहतं. वरती मेन नावाचं राज्य आहे, तिथली निम्म्याच्या आसपास घरं याच तेलावर. गाडी हिवाळ्यापुरतीच जोरात. ड्रायव्हर गुडघाभर बर्फातून नळी ओढत येतो, घराबाहेरच्या तोंडाला लावतो आणि कान देऊन उभा राहतो. टाकी भरत असताना आतली हवा दुसऱ्या नळीतून बाहेर पडते आणि तिची शिट्टी वाजत राहते. शिट्टी थांबली, टाकी भरली. ड्रायव्हर नळी गुंडाळतो, मीटरमधून निघालेली पावती दाराला अडकवतो आणि जातो. घरातलं माणूस बाहेर पण येत नाही.

‘‘बाहेर येत नाही?’’ मी विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘चहा?’’

‘‘नाही.’’

‘‘मग भांडण कोण करतं?’’

भाचा गप्प बसला. तिथं आमच्या धंद्याचा कणाच नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. आमच्याकडं शिट्टी टाकी वाजवत नाही, मी वाडीच्या वळणावर हॉर्न वाजवतो. आणि हॉर्न थांबला की जे सुरू होतं ते ऐकायला कान द्यावा लागत नाही.

पण आधी खेप भरायची असते. तहसीलनं कुणाची तरी विहीर अधिग्रहित केलेली असते, बहुतेक कालव्याच्या जवळची. तिला कागदावर ‘उद्भव’ म्हणतात. शब्द असा की भरताना आपण पाणी नाही, समुद्रमंथनातलं काहीतरी नेतोय असं वाटतं. पहाटे चारला नंबर लावायचा. वीज गेली की उद्भव बंद. वीज आली की मोटार सुरू, मोटार सुरू झाली की फ्यूज जाणार, फ्यूज बांधला की विहिरीचा मालक येऊन ‘माझ्या मक्याला चार तास द्या’ म्हणणार. पाणी भरलं की वरच्या झाकणातून जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची. माझा किन्नर ती एवढी टाकायचा की एकदा एका बाईनं धुतलेली रंगीत चोळी पांढरी झाल्याची तक्रार आली. त्यानंतर पावडर मी स्वतः टाकतो.

दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन वजन. भरलेला टँकर हत्तीसारखा शहाणा असतो, सावकाश चालतो, ऐकतो. रिकामा टँकर नुसतं डबडं, आवाज फार. खोड आहे ती अर्ध्या टँकरला. आत आडवे पत्रे ठोकलेले असतात म्हणून निभतं, तरी ब्रेक मारला की गाडी थांबते, पाणी थांबत नाही. ते आतून पुढं येऊन धडकतं, माघारी जातं, पुन्हा येतं. आपण चौकात उभे आणि गाडी आपली पुढं-मागं, पुढं-मागं, जाऊ का नको, जाऊ का नको. ग्रामपंचायतीच्या ठरावासारखं.

दुसरी गोष्ट मधमाश्यांची. ही कुठल्या सरकारी पत्रकात नाही. मे महिन्यात त्या माळावर ओल अशी एकाच ठिकाणी असते, आमच्या मागच्या वॉलला. वॉल ठिबकत नाही असा टँकर मी अजून पाहिलेला नाही. तिथं मधमाश्या येऊन बसतात, दोन-चार नाही, पितळेचा वॉल काळा दिसेपर्यंत. त्यांना पाणी प्यायचं असतं, आपल्याला पाणी सोडायचं असतं. रीत अशी आहे: आधी पत्र्यावर दोन थापा मारायच्या, मग ओलं फडकं हळूच पुढं करायचं. त्या फडक्यावर येतात. मग फडकं जवळच्या दगडावर ठेवून द्यायचं आणि वॉल फिरवायचा. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं, मी सरळ हात घातला. त्या दिवशी लॉगबुकात सही करायला बोटं वळेनात. बारावी झालेल्या माणसानं अंगठा उठवला.

लॉगबुक म्हणजे आमची पोथी. कुठून निघालो, किती वाजता, किती किलोमीटर, किती लिटर, कुणाला मिळालं, त्याची सही. शिवाय टँकरला जीपीएस. मी कुठं आहे हे माझ्या बायकोला कळत नाही, पण ऑफिसात कळतं. एकदा फोन आला, ‘‘गाडी चाळीस मिनिटं एकाच जागी का उभी?’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, पंक्चर.’’ ‘‘कुठं?’’ ‘‘तुम्हालाच दिसतंय की.’’ यंत्राला गाडी दिसते. आत पाणी आहे की हवा, ते मात्र अजून वाडीतल्या बायकांनाच कळतं. त्या टँकरच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करतात, वरून खाली, आणि जिथं आवाज बदलतो तिथं बोट ठेवून सांगतात, ‘‘आज चार बोटं कमी आणलंस.’’

आता तो 20 आकडा. दुष्काळाच्या सरकारी हिशेबात गावाकडच्या माणसाला टँकरचं पाणी रोज 20 लिटर. प्यायला, स्वयंपाकाला, आंघोळीला, धुण्याला, सगळ्याला मिळून. आमच्या गावात मोटारसायकलवर मांडीत येतो तो एक जार म्हणजे इकडचा एक अख्खा माणूस. मोठ्या जनावराला मात्र 35 लिटर, लहान जनावराला 10 आणि शेळीला 3. म्हणजे सरकारदरबारी माणसाची जागा म्हैस आणि वासरू यांच्या मधोमध. हिशेब चुकीचा नाही, म्हैस दूध देते. पण हा आकडा वाडीत फुटला तेव्हा मोजणीच्या दिवशी गोंधळ झाला. एकानं सासऱ्याचं नाव जनावरांच्या यादीत घालायला सांगितलं. म्हणाला, ‘‘पंधरा लिटर जास्त मिळतील. आणि तसं बघितलं तर खोटंही नाही.’’ सासरा तिथंच बसला होता. तो म्हणाला, ‘‘मग जावयाला शेळीत धरा.’’

माझ्या वाडीत माणसं पाचशेला दोन-चार कमी. एक टँकर म्हणजे बरोब्बर पाचशे माणसांचा घास. कागदावर. वाडीला हा टँकर एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड, आणि कागदाबाहेर पाहुणे असतात, बाळंतिणी असतात, लग्नं असतात.

वळणावर हॉर्न वाजला की आधी कुत्री येतात, मग पोरं, मग बाया. रस्त्याच्या कडेला टिपाडांची रांग. दोनशे लिटरची निळी टिपाडं, कुठं जुन्या डांबराची काळी, त्यांच्यावर ऑइलपेंटनं आडनावं. बऱ्याच टिपाडांच्या झाकणाला कुलूप. घराला कुलूप नाही, कपाटाला नाही, टिपाडाला आहे, आणि किल्ली मंगळसूत्राला. ज्यांच्याकडं टिपाड नाही त्यांनी हंडे मांडलेले. ज्यांचे हंडे भरायचे राहिलेत त्यांनी नंबरासाठी दगड ठेवलेले. माझ्या हाताखालून इतके दगड गेलेत की कुठला दगड कुणाचा हे मी ओळखतो.

मी नळी घेऊन उतरलो की तालुक्याचा कारभार माझ्या हातात असतो. नळी कुणाच्या टिपाडात आधी पडणार, किती वेळ पडणार, कुणाच्या वेळी वॉल थोडा जास्त उघडणार. मतदान असतं तर निवडून आलो असतो. एक आवाज, ‘‘तिच्या टिपाडात फेस आला तरी सोडतोय, आमच्यात अर्ध्यावर आवरतोय.’’ दुसरा, ‘‘भावकी बघून वततोय.’’ मी बाहेरगावचा, माझी तिथं कसली भावकी? पण मधल्या काळात माझं आडनाव शोधून, माझ्या आत्याच्या नणंदेचं माहेर काढून, त्या घराशी माझं नातं सिद्ध झालेलं असतं. हंड्याला हंडा लागतो, हंडा कपाळाला लागतो, रोज एक पानिपत.

पानिपतावरून आठवलं. पाबळला मस्तानीची कबर आहे. बाजीरावानं तिला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं इनाम दिली होती. मला या माणसाचं कौतुक वाटतं. लढाया जिंकणं सोपं असेल, पण प्रेमात पडलेल्या बाईला या भागातली गावं द्यायला छाती पाहिजे. 1740 मध्ये दोघंही गेले. त्यांचा मुलगा समशेर बहादूर 1761 मध्ये पानिपतावर लढून, जखमी होऊन मेला. कबरीपाशी गाडी सावलीला लावून मी कधीकधी भाकरी खातो. शेजारून डोक्यावर दोन हंडे घेऊन जाणाऱ्या बाया बघतो आणि मनात म्हणतो, पानिपत काय, इथं घरबसल्या होतं.

2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी नेलं तेव्हा आमच्या टँकरवाल्यांच्यात फार चर्चा झाली. मिरजेहून गाडी गेली, नाव ‘जलदूत’. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. मी लगेच हिशेब मांडला, म्हणजे माझ्या 50 खेपा. दिवसाला चार धरल्या तर साडेबारा दिवस. माझ्या मालकानं पण हिशेब मांडला, तो डिझेलचा, आणि दोन दिवस जेवला नाही. आम्हाला एकच गोष्ट खटकली. त्या गाडीला ‘जलदूत’ म्हणतात आणि मला ‘ए टँकर’.

लग्नसराईत मात्र टँकरवाल्याचा भाव आहे. तिकडं मांडव घालण्याआधी माझा फोन नंबर घेतात. पाणी आलं तर पंगत, नाहीतर पळी-पंचपात्र. एका लग्नात मला व्याह्यांच्या आधी टॉवेल-टोपी मिळाली. नवरदेवाचा मामा रुसला. त्याला समजावताना यजमान म्हणाले, ‘‘मामा तुम्ही परत भेटाल, ह्यो शुक्रवारशिवाय यायचा न्हाय.’’ पण त्याच वाडीत तिशी उलटलेली चांगली पंधरा-वीस पोरं बिनलग्नाची आहेत. मुलीकडचे बघायला येतात, चहा घेतात, पोह्यांना छान म्हणतात आणि जाताना रस्त्याकडेची टिपाडं मोजून जातात. निरोप येत नाही. एका बापानं मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘पाव्हणं येतील त्या दिवशी टँकर शाळेमागं लावशील का? आणि टिपाडं आम्ही गोठ्यात झाकतो.’’ लावला. पाहुणे आले, सगळं ठरत आलं. एवढ्यात मुलीच्या आजीनं हात धुवायला पाणी मागितलं, आणि घरातून पोरगं धावत शाळेमागं आलं, ‘‘काका, एक बादली!’’

मोडलं ते. माझ्या मनाला फार लागलं. अजून त्या पोराला स्थळं येतात आणि मी अजून गाडी शाळेमागं लावतो.

घरी आठवड्यातून एकदा जातो. एकदा रात्री अकराला दारात पोचलो, अंगावर वॉलचं पाणी, चिखल, टीसीएलचा वास. म्हटलं, आंघोळीला पाणी काढा. आतून उत्तर आलं, ‘‘मोटार जळालीये दोन दिवस झाले. जार आहे अर्धा, त्यात उद्या पोरांचं प्यायचं.’’ मी गाडीकडं बघितलं. गाडी रिकामी. नदी पन्नास पावलांवर, पण रात्री उसाच्या कडेनं नदीला जायचं आमच्याकडं कुणी धाडस करत नाही. बिबट्यानं आमच्या भागात माणसं नेलीत, ती थट्टेची गोष्ट नाही. तसाच झोपलो. सकाळी बायको शेजारणीला सांगत होती, ‘‘आमचे हे पाचशे माणसांना पाणी पाजतात.’’ आवाजात कौतुक होतं की काय होतं, ते मला लग्नाला एवढी वर्षं होऊन नीट कळलेलं नाही.

वाडीच्या टोकाला एक आजी राहते. एकटी. टिपाड एकच, त्याला कुलूप नाही, वर एक फरशी आणि फरशीवर दगड. भांडणात कधी नसते. सगळ्यांचं झालं की तिची नळी. मग ती पदरानं तांब्या पुसते, परवाच्या पाण्यातून भरते आणि मला देते. ‘‘पी लेकरा. उन्हाचा आलास.’’ मीच आणलेलं पाणी, माणशी 20 लिटरमधलं, टीसीएलचा वास येणारं. नको म्हटलं तर रागावते. मी पितो. एकदा गमतीनं म्हटलं, ‘‘आजी, हे लॉगबुकात कुठं लिहू?’’ म्हणाली, ‘‘शेळीचं म्हणून लिव्ह.’’

मग एक दिवस आभाळ भरून येतं. तिकडचा पाऊस चुकार, पण आला की आला. पहिला मोठा पाऊस झाला की टँकर बंदचा आदेश निघतो. मागच्या साली त्याच दिवशी माझी गाडी वाडीबाहेरच्या ओढ्यात मागच्या चाकांनी रुतली, आत दहा हजार लिटर. हॉर्न वाजवला. नेहमीचा, लांब. कुत्रीसुद्धा आली नाहीत. सगळी वाडी पेरणीच्या गडबडीत, घरावरच्या पन्हाळीखाली हंडे लावून. शेवटी वॉल उघडून सगळं पाणी ओढ्यात सोडलं तेव्हा गाडी हलकी झाली आणि निघाली. भर पावसात ओढ्याला दहा हजार लिटर पाणी. लॉगबुकात ‘कुणाला मिळालं’ या रकान्यात मी ‘ओढा’ लिहिलं. सही कुणाची घेऊ हे समजेना, मग सोडून दिलं.

श्रावणात एका व्यापाऱ्याच्या टेम्पोवर कांदा घेऊन त्याच रस्त्यानं गेलो. माळ हिरवा झाला होता, कडेची टिपाडं गायब. आजीच्या दाराशी टेम्पो थांबवला. ती ओसरीवर शेंगा फोडत होती. डोळ्यावर हात धरून बघत राहिली.

‘‘कोण रं तू?’’

‘‘आजी, मी टँकरवाला.’’

‘‘आता कशाला आलास? पाऊस झालाय.’’

पण उठली. पदरानं तांब्या पुसला, भरून आणला. मी प्यालो. विहिरीचं होतं, जरा गढूळ.